यमक नाही, मात्रा जास्त: ही कविता दुरुस्त करू की राहू देऊ?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात एक छोटी कविता लिहिली आणि एका जाणत्या स्नेह्यांना दाखवली. त्यांनी कागद परत दिला तो तीन लाल खुणांसकट. "नाही-आहे हे यमक नव्हे." "सातवी ओळ मात्रांत बसत नाही." "एकच ओळ तीनदा, सुचलं नाही का पुढचं?" तिसरं वाक्य जरा लागलंच. कविता अशी:

सरी थांबल्या, पागोळ्यांची
अजून टपटप सरली नाही;
वाट पाहुनी निजली ओटी,
कडी अजूनी उघडी आहे.

तुझ्या वहाणा तशाच दारी,
तुझा ठाव पण कुठेच नाही;
कुणी म्हणाले, "कडी लाव आता",
कडी अजूनी उघडी आहे.

वारा आला, पान हलेना,
रात्र संपते, उजळत नाही;
येशिल तेव्हा हाक कशाला,
कडी आतुनी उघडी आहे.

मी मात्रा मोजून लिहीत नाही, कानाला बरं वाटेल तसं लिहिते. आता कळत नाही की दुरुस्त करू, की ठेवू. कौतुक नको, चिरफाड करा.

रिकामटेकडा
चिरफाड म्हणालात? इथे? आता भोगा. मी चहा टाकून येतो.

लघुगुरु
स्वागत. आधी हिशेब मांडू, मग मतं. लघू म्हणजे ऱ्हस्व अक्षराची १ मात्रा, गुरू म्हणजे दीर्घाच्या २.

सरी थांबल्या (३+५), पागोळ्यांची (८). सोळा.
अजून टपटप (४+४), सरली नाही (४+४). सोळा.
वाट पाहुनी (३+५), निजली ओटी (४+४). सोळा.
कडी अजूनी (३+५), उघडी आहे (४+४). सोळा.

म्हणजे आठ-आठ मात्रांची दोन आवर्तनं, आपलं नेहमीचं पादाकुलक. न मोजता लिहिलंय म्हणता, तर कान चांगला आहे तुमचा. बाराही ओळी तपासल्या. अकरा चोख. सातवी: कुणी म्हणाले (३+५), कडी लाव आता (३+३+४). अठरा. दोन मात्रा वर. स्नेही बरोबर आहेत.

दुरुस्ती सोपी आहे: कुणी म्हणाले, "लाव कडी ती". ३+३+२, आठ. अर्थ तोच. झालं काम.

टिंबटिंब
@लघुगुरु, पहिल्याच ओळीत घोळ आहे की. "थांबल्या"मध्ये ल्या जोडाक्षर. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, असं शाळेत घोकलंय. म्हणजे "ब" गुरू, आणि ओळ सतरा मात्रांची. अकरा नव्हे, दहाच चोख!

लघुगुरु
@टिंबटिंब, तो नियम संस्कृतात पक्का आहे. मराठीत आघात पडला तरच आधीचं अक्षर गुरू धरतात. मोठ्याने म्हणून बघा: "दिव्याखाली अंधार" आणि "दिव्यातून पार पडला". लिहिताना दोन्हीकडे "दिव्या"च. पण पहिल्या "दि"वर जोर नाही, तो लघू. दुसरा दिव्य या शब्दातला, तिथे "दिव् व्य" असा धक्का बसतो, म्हणून गुरू. "तुझ्या"तला "तु" आणि "उन्हात"मधला "उ" असेच लघू. "थांबल्या"चा "ब" तर अगदीच हलका, बोलताना जवळजवळ पाय मोडूनच येतो.

मात्रा डोळ्यांनी मोजायच्या नाहीत, कानांनी मोजायच्या.

टिंबटिंब
दिव्याचं उदाहरण पटलं. पंचवीस वर्षं चुकीचं मोजत होतो म्हणायचं. तसं मोजलंच कधी नव्हतं म्हणा.

जुनी पाटी
शाळेत य-मा-ता-रा-ज-भा-न-स-ल-गं पाठ करून घेतलं होतं. गण, म्हणजे तीन अक्षरांचा गट, चुकला की तळहातावर पट्टी. पट्टीचाही ठेका ठरलेला असायचा: लघू, गुरू, गुरू. त्यामुळे य गण आजन्म लक्षात राहिला.

आता मुद्द्याचं. माधव जूलियनांच्या 'छंदोरचने'त (माझ्याकडे १९३७ ची आवृत्ती आहे, पानं सुटलेली) पद्याची विभागणी सरळ आहे. अक्षरं मोजायची ते छंद, लघुगुरूंचा क्रम ठरलेला ती वृत्तं, आणि एकूण मात्रा मोजायच्या त्या जाती. ओवी-अभंग पहिल्यात. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. ही कविता तिसऱ्या वर्गातली. जातीमध्ये कवीला मोकळीक भरपूर असते. लघुगुरू कसेही लावा, बेरीज तेवढी सांभाळा. एवढी सूट असताना दोन मात्रा सांडणं हा निष्काळजीपणा झाला. लघुगुरूंची दुरुस्ती घ्या आणि पुढे चला.

आणि हो, "येशिल" हे शुद्धलेखनात "येशील" आहे.

लघुगुरु
@जुनी पाटी, "येशिल"ला माफी द्या. बालकवींच्या "हिरवळ दाटे चोहिकडे"मधला "हि" आपण गद्यात दीर्घ लिहितो. तिथे तो ऱ्हस्व आहे कारण ओळ तीस मात्रांची आहे, आणि "चोहीकडे" लिहिलं तर एकतीस होतात. ती सवलत मराठी कवी कायम घेत आले आहेत. "पाहुनी"तला "हु" तसाच.

जुनी पाटी
बालकवींना माफ आहे. बाकीच्यांचं बघू.

गझलवेडी
यमकाबद्दल बोलते. स्नेही म्हणतात ते तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. नाही आणि आहे यांत "आ" आणि "ह" तेवढे समान, शेवटचा स्वर वेगळा. याला यमक कोणी म्हणणार नाही.

गझलेच्या चष्म्यातून पाहिलं तर आणखी गंमत. दुसऱ्या ओळी बघा: "सरली नाही", "कुठेच नाही", "उजळत नाही". "नाही" ही रदीफ झाली, म्हणजे शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द. पण रदीफेच्या आधी काफिया लागतो, यमकाचा शब्द. सरली, कुठेच, उजळत यांचं एकमेकांशी काहीच जुळत नाही. रदीफ आहे, काफिया गायब. गझलेत हे चाललं नसतं, हाकलून दिलं असतं. ही गझल नाही हे मला कळतं, तरी हात शिवशिवले.

ठेका
मी शब्दांचा माणूस नाही, तबला वाजवतो. कविता केरव्यावर धरून म्हटली. केरवा आठ मात्रांचा, त्यामुळे प्रत्येक ओळीत दोन आवर्तनं आरामात बसतात. पहिल्या सहा ओळी लोण्यासारख्या. सातव्या ओळीत ठेच लागते. "कडी लाव" घाईत उरकावं लागतं, नाहीतर "आता"चा "ता" समेवर येऊन बसतो आणि आठव्या ओळीची "कडी" दोन मात्रा उशिरा येते.

मला ती उशिरा आलेलीच आवडली. का ते विचारू नका.

रिकामटेकडा
चहा झाला. धाग्याची सेवा म्हणून:

सभा संपली, साहेबांची
अजून बडबड सरली नाही;
मान टाकुनी निजलो आम्ही,
टॅब अजूनी उघडी आहे.

टिंबटिंब
दंडवत. आत्ता हाच प्रकार चालू आहे आणि मी याच टॅबमधून लिहितोय.

लघुगुरु
विडंबनाच्या चारही ओळी सोळाच्या. मूळ कवितेपेक्षा टक्केवारी चांगली.

निळी शाई
मात्रा झाल्या, काफिया झाला, तबला झाला. कविता कोणी वाचणार आहे का?

स्नेह्यांच्या तिसऱ्या खुणेपासून सुरू करते, कारण तीच मला सगळ्यात चुकीची वाटते. "एकच ओळ तीनदा." एकच ओळ तीनदा आलेलीच नाही.

पहिल्या कडव्यात "कडी अजूनी उघडी आहे" ही नुसती माहिती आहे. पाऊस थांबला, पागोळ्या गळताहेत, ओटी निजली, कडी उघडी आहे. चार गोष्टी दिसल्या, त्यातली एक. कोणी विसरलं असेल लावायची, असंही वाटू शकतं.

दुसऱ्या कडव्यात कोणीतरी म्हणतं, कडी लाव आता. आणि लगेच तीच ओळ, एका अक्षराचाही बदल नाही. आता ती माहिती राहिली का? ते उत्तर झालं. समोरच्याशी वाद न घालता दिलेला नकार झाला. शब्द तेच, काम वेगळं. ही जागा नव्या ओळीने साधली नसती. "मी कडी लावणार नाही" असं काही लिहिलं असतं तर कविता तिथेच संपली असती.

तिसऱ्यांदा एक शब्द बदलतो. अजूनी जाऊन आतुनी येतो. दोन्ही पाच मात्रांचे, दोन्हींच्या सुरुवातीला मोकळा स्वर, शेवटी "नी". भरभर वाचणाऱ्याला बदल कळणारही नाही. मला दुसऱ्या वाचनात कळला आणि अंगावर काटा आला. "अजूनी" होतं तोवर गोष्ट वेळेची होती: किती उशीर झाला, तरी उघडी. "आतुनी" आलं आणि ती माणसाची झाली. कडी आतून कोणीतरी काढून ठेवलीय. बाहेरच्याला हाक मारायची गरज नाही, दार नुसतं लोटायचं.

हा बदल दिसायचा तर आधीच्या दोन वेळा ओळ तंतोतंत सारखीच हवी. पुनरुक्ती नसती तर बदल दिसला कशात असता? तेव्हा "सुचलं नाही का पुढचं" या शेऱ्याला माझं उत्तर: सुचलं, एकच शब्द सुचला, आणि तेवढा पुरला.

आता नाही-आहे. @गझलवेडी, यमक नाही हे मान्य. पण प्रत्येक कडव्यात दुसरी ओळ "नाही"वर संपते आणि चौथी "आहे"वर. तीनही वेळा. कान नादाची जोडी शोधत जातो आणि त्याला उलट अर्थाची जोडी मिळते. ठाव नाही, कडी आहे. यमकाच्या जागेवर कवितेचा सगळा विषय येऊन बसलाय.

गझलवेडी
@निळी शाई, "अजूनी-आतुनी" माझ्या नजरेतून सुटलं होतं! परत वर जाऊन वाचलं. ठीक आहे, काफियाची तक्रार मागे. अर्धी.

अर्धी अशासाठी की "उजळत नाही" मला अजून कच्चं वाटतं. "रात्र संपते, उजळत नाही" हे आधी खूपदा ऐकल्यासारखं आहे. पागोळ्या आणि वहाणा जितक्या डोळ्यांसमोर येतात तितकी ही ओळ येत नाही.

निळी शाई
त्याला अनुमोदन. तिसऱ्या कडव्याच्या पहिल्या दोन ओळी भरतीच्या वाटतात, मीटर सांभाळायला आणलेल्या. बघा, मात्रा अचूक असूनही ओळ सैल असू शकते.

ठेका
विषयांतर: कडीने संपतं म्हणून त्याला कडवं म्हणतात का?

रिकामटेकडा
नाही, वाचून तोंड कडू होतं म्हणून.

चष्मा
एक वेडेपणा सांगू का? विषम ओळींच्या शेवटचे स्वर बघत होतो, ज्यांना यमकच नाही अशा ओळी.

पहिलं कडवं: पागोळ्यांची, ओटी. ई, ई.
दुसरं: दारी, आता. ई, आ.
तिसरं: हलेना, कशाला. आ, आ.

"ई"कडून "आ"कडे. मिटलेल्या तोंडाचा स्वर जाऊन उघड्या तोंडाचा येतो. आणि बदल नेमका त्या सातव्या ओळीत होतो, "आता"वर. लघुगुरूंची "लाव कडी ती" ही दुरुस्ती घेतली तर तिथे परत ई येते आणि हा जिना मोडतो.

वाचनमात्र
चष्मा, क्रमांक वाढलाय, तपासून घ्या. बाराखडीतला कोणताही स्वर घेऊन बसलं की काहीतरी दिसतंच. ढगात हत्ती दिसतो तसं. उद्या कोणी सांगेल की कवितेत "कडी" चारदा आलीय कारण दाराला चार बाजू असतात. कवयित्री स्वतः म्हणतात की कानाला बरं वाटेल तसं लिहिलं. मग हे जिने आपणच बांधतोय ना?

चष्मा
हत्ती दिसला तर दिसला. तिने मुद्दाम केलं असं मी म्हणालोच नाही. "कानाला बरं वाटलं" म्हणजे नक्की काय वाटलं, ते शोधतोय. मात्रा तरी तिने कुठे मोजल्या होत्या? त्या सोळा निघाल्या तेव्हा कोणी हत्ती म्हटलं नाही.

वाचनमात्र
हम्म. हा टोला चांगला होता. तरीही स्वरांचं मला पटलेलं नाही. अकरा ओळींत सोळा मात्रा हा योगायोग असू शकत नाही, सहा ओळींच्या शेवटी ई-आ येणं सहज असू शकतं. मराठीत शब्दच किती ई आणि आकारान्त आहेत!

जुनी पाटी
वाचनमात्रांशी सहमत. आणि मूळ प्रश्न बाजूला पडलाय. सातवी ओळ चुकली आहे की नाही? निळी शाईंनी सगळं सांगितलं, सातव्या ओळीचं मात्र सोयीस्करपणे टाळलं.

निळी शाई
टाळलं नाही, विचार करत होते. ती कवितेतली एकमेव ओळ आहे जिथे दुसरं कोणी बोलतं. बाकी सगळं एकाच माणसाच्या मनात, एका लयीत चाललंय. बाहेरचा माणूस येतो तो बोलण्याच्या लयीत येतो, आठ-आठ मात्रा मोजत नाही. लय तिथे अडखळणं मला खरं वाटतं. "लाव कडी ती" म्हणणारा माणूस मला दिसत नाही. असं कोण बोलतं? "कडी लाव आता" म्हणणारे मात्र घरोघरी आहेत.

जुनी पाटी
हे फार सोपं समर्थन आहे. मग प्रत्येक फसलेली ओळ "मुद्दाम" होईल. उद्या माझ्याही सगळ्या चुका भावपूर्ण ठरतील.

निळी शाई
अकरा ओळी चोख आहेत म्हणून बारावीबद्दल बोलता येतं. सात ओळी चुकल्या असत्या तर मी तुमच्याच बाजूला असते.

लघुगुरु
रात्रीचा दीड वाजलाय आणि झोप उडालीय, कारण सातव्या ओळीत मला भलतंच काही सापडलं. मात्रा सोडून लघुगुरूंचा क्रम लावून पाहिला:

कु-णी | म्ह-णा-ले | क-डी-ला | व-आ-ता

पहिली दोन अक्षरं सोडा. म्हणाले: लघू गुरू गुरू. कडी ला: लघू गुरू गुरू. व आता: लघू गुरू गुरू. ओळीने तीन य गण. (जुनी पाटी, तळहात लपवा.) आणि "कुणी"च्या जागी "कुणीसे" ठेवलं तर?

कुणीसे म्हणाले कडी लाव आता

चार य गण, बारा अक्षरं, वीस मात्रा. शुद्ध भुजंगप्रयात! एका गुरूची कसर होती फक्त.

आणि मराठी कानात भुजंगप्रयात म्हटलं की काय वाजतं? मनाचे श्लोक. दोनशे पाच श्लोक, सगळे याच चालीत, मनाला समजावणारे: हे कर, ते करू नको. म्हणजे या कवितेत समजूत घालायला जो माणूस येतो, तो जवळजवळ समजूत घालण्याच्या वृत्तातच बोलतो. सोळा मात्रांच्या घरात पाहुणा आला तो स्वतःची चाल घेऊन.

संध्याकाळी मीच ही ओळ दुरुस्त करून दिली होती. आता हात धजत नाही.

ठेका
आत्ता कळलं मला ती का आवडली. म्हणून बघितली, खरंच "मना सज्जना"ची चाल लागते.

वाचनमात्र
हा पण हत्तीच. पण मोठा आहे, सोंड वगैरे स्पष्ट दिसतेय.

जुनी पाटी
पाहिलं. गण बरोबर लावलेत. तरी माझं म्हणणं एवढंच की एक गुरू कमी म्हणजे धड भुजंगप्रयातही नाही आणि धड पादाकुलकही नाही. मग "कुणीसे" करून टाका की! निदान एका घराची होईल.

चष्मा
"कुणीसे" केलं तर ती ओळ मिरवायला लागेल. लोक म्हणतील, बघा कवयित्रीने वृत्त बदललं. आत्ता ती अर्धवट आहे म्हणून खपून जाते.

अर्धविराम
दोन दिवस इकडे यायला जमलं नाही आणि येऊन बघते तर हे! सगळं दोनदा वाचलं. काही गोष्टी कबूल करते.

भुजंगप्रयात वगैरे माझ्या डोक्यात अजिबात नव्हतं. लहानपणी मनाचे श्लोक पाठ होते, तेवढंच. ई-आ चा जिना तर मलाच नवीन. वाचनमात्र, तुमचा संशय रास्त आहे.

"आतुनी" मात्र मुद्दाम. त्या एका शब्दासाठी आठवडा गेला. आधी शेवटी पण "अजूनी"च होतं आणि कविता तिथेच फिरत राहायची, दार काही उघडायचं नाही.

सातव्या ओळीचं खरं सांगायचं तर पहिल्या खर्ड्यात ती "लाव कडी गे" होती. लघुगुरूंच्या दुरुस्तीच्या जवळचीच, सोळा मात्रांची. कागदावर बरी दिसत होती. पण ते वाक्य मी प्रत्यक्ष ऐकलेलं आहे, आणि ते "कडी लाव आता" असंच होतं. शेवटचा "आता" जरा लांबवलेला, थकलेल्या आवाजात. रागाने नव्हे, मायेनेच म्हटलेलं. "गे" घातलं की ते दुसऱ्याच कोणाचं होत होतं. म्हणून बदललं. मात्रा वाढल्या हे तेव्हा कळलंही नाही, किंवा कानाने चालवून घेतलं.

निळी शाई आणि गझलवेडी, तिसऱ्या कडव्याच्या पहिल्या दोन ओळींचं तुम्ही बरोबर पकडलंत. त्या शेवटी लिहिल्या, जागा भरायला. लाल खूण खरं तर तिथे पडायला हवी होती. त्या बदलतेय, अजून हाती काही लागलेलं नाही. "नाही" मात्र टोकाला ठेवायचंय.

गझलवेडी
घाई करू नका. काफिया मागत नाही आता.

रिकामटेकडा
"टॅब अजूनी"चे हक्क माझ्याकडे राखीव, एवढंच लक्षात ठेवा.

टिंबटिंब
एक शंका राहिली. सातव्या ओळीतली अवतरणचिन्हं काढली तर? म्हणजे ते कोणी दुसऱ्याने म्हटलं की तिनेच स्वतःला, हे मोकळं राहील.

अर्धविराम
@टिंबटिंब, राहू देत ती. ते तिचं वाक्य नाही, तिला सांगितलेलं आहे. @लघुगुरु, शेवटचं विचारते: ओळीचं काय करू?

लघुगुरु
कुणीसे म्हणाले, "असू दे तशी ती".